जोरावरसिंग आणि तिची तलब

अठराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या मानोरा तालुक्यात नांगर धरणाऱ्या माणसाला दोन धनी होते. मुलूख कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा, पण वसुलात नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा. एकाच गावात दोघांचे वेगळे अंमलदार यायचे. वऱ्हाडात या कारभाराला दोअमली म्हणत. कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, दिग्रस हा सगळा टापू त्या दोन सत्तांच्या सांध्यावर वसलेला. अशा सांध्यावरच्या मुलखात वाटा कधी ओस पडत नाहीत. कधी भोसल्यांचे स्वार जात, कधी निजामाची शिबंदी, आणि दोघांनाही धान्य पुरवणारे बंजाऱ्यांचे तांडे तर बारमाही चालत. शेकडो बैल, पाठीवर गोण्या, सोबत बायकापोरे, कुत्री आणि पुढे नाईक. १८०३च्या नोव्हेंबरात अकोल्याच्या उत्तरेला अडगावला इंग्रजांनी भोसले आणि शिंदे यांच्या फौजांना गाठले, तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची चूलही बंजाऱ्यांच्या बैलांवरच पेटत होती. मानोऱ्याजवळचे पोहरादेवी हे त्याच समाजाचे आज सर्वांत मोठे तीर्थ आहे. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे.

या वाटांवरून बाईही चालत होती, पण एकटी नाही. सासरी जाताना मुराळी सोबत, जत्रेला जाताना घरदार सोबत. बंजारा बाई कोसच्या कोस चालायची. पण तिच्याभोवती अख्खा तांडा असायचा, म्हणजे चालते गावच. घोळदार फेटिया, आरसे जडवलेली कांचळी, मनगटापासून दंडापर्यंत बलिया या पोशाखातून ती कोण, कुणाची, तिचा नवरा आहे की नाही, हे दुरून कळायचे. बाकीच्या जातींतही तेच. कुंकू, मंगळसूत्र, लुगड्याचा रंग, डोक्यावरचे केस ही सगळी बाईची ओळखपत्रे होती आणि ती तिला अंगावरच बाळगावी लागत. पागोटे बांधलेल्या, हातात काठी घेतलेल्या पोऱ्याला मात्र फार तर गाव विचारले जाई. कामाला ठेवायचे की नाही, एवढाच पुढचा प्रश्न.

म्हणूनच काही बायकांनी पागोटे बांधले.

यातली सर्वांत जवळून पाहिलेली हकिकत मराठ्यांच्या छावणीतली आहे. १८०९ साली दौलतराव शिंदे राजपुतान्यात मुक्काम ठोकून होते. त्यांच्या दरबारी इंग्रज रेसिडेंट होता आणि त्याच्या संरक्षणाला जी तुकडी दिली होती, तिचा अधिकारी थॉमस ब्रॉटन. या गृहस्थाने वर्षभर छावणीतून भावाला पत्रे लिहिली आणि १८१३ साली लंडनमध्ये ती पुस्तकरूपाने छापली. पुस्तकाचा सूर मराठ्यांविषयी तुच्छतेचा आहे, तो वाचताना जाणवतो आणि खटकतोही. पण माणसाची नजर तीक्ष्ण होती. बाजारातले भाव, सणवार, होळीचा धुडगूस, सरदारांची भांडणे, काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. याच पत्रांमध्ये जोरावरसिंग नावाचा एक शिपाई भेटतो. वय विशीच्या आसपास, शिंद्यांच्या फौजेत दोन-तीन वर्षे नोकरी झालेली. आणि तो शिपाई मुलगी होती.

तिचा भाऊ भोपाळला कर्जापायी अटकेत पडला होता. त्याला सोडवायचे तर रोख रक्कम हवी. दळणकांडण करून, दुसऱ्याच्या घरी भांडी घासून बाईच्या हाती काय येणार? धान्याची मूठ, जुने लुगडे. रोख पैसा देणारी, दरमहा नाव मांडून ठेवणारी नोकरी त्या काळी एकच होती, ती म्हणजे शिपाईगिरी. तिने रजपुती नाव घेतले, ढाल-तलवार बांधली आणि पलटणीत नाव नोंदवले.

हे इतकी वर्षे टिकले कसे, याचे उत्तर छावणीच्या रचनेतच सापडते. शिंद्यांची छावणी हे चालते शहर होते. सराफ, वाणी, न्हावी, घिसाडी, कलावंतिणी, बाजारबुणगे अशा हजारोंच्या गर्दीत लढणारे थोडे आणि बाकीचे जास्त. भरती होताना अंगाची तपासणी करणारा डॉक्टर नव्हता. शिपायाने हत्यार आणले, कुणी ओळख दिली, की नाव चढले. बराकी नव्हत्या, ज्याची त्याची राहुटी किंवा घोंगडीचा आडोसा. मुख्य म्हणजे एकत्र पंगत नव्हती. नाना जातींचे लोक, प्रत्येकाचा चौका वेगळा, प्रत्येकाची चूल वेगळी. एखादा शिपाई आपली भाकरी आपण भाजतो, कुणाच्या हातचे खात नाही, पहाटे सगळ्यांच्या आधी एकटाच नदीवर जाऊन येतो, यात संशय घेण्यासारखे काहीच नव्हते. उलट सोवळा म्हणून त्याला मानच मिळाला असता. ज्या शिवाशिवीने गावात बाईचे जगणे आवळून टाकले होते, तिच्याच आडोशाने छावणीत एका मुलीला लपता आले.

दाढीमिशी नसणे हीसुद्धा मोठी अडचण नव्हती. पंधरा-सोळा वर्षांची पोरे पलटणीत असायचीच. अंगरखा सैल, कमरेला शेला घट्ट, त्यावर ढाल. एवढ्या आवरणाखाली अंगलट झाकून जाई. अडचण होती ती तलबेची. शिंद्यांच्या फौजेत पगार महिनोन् महिने तुंबलेला असे. शिपाई मग सरदाराच्या, प्रसंगी खुद्द महाराजांच्या तंबूपुढे धरणे देऊन बसत. ना स्वतः खात, ना त्याला खाऊ देत. ब्रॉटनच्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने पुन्हा पुन्हा येतात. हाती येईल न येईल अशा त्या तलबेतून भावाच्या सुटकेपुरती रक्कम साठवायला या मुलीला किती मन मारावे लागले असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

शेवटी भेद फुटला. पण छावणीने तिला शिक्षा केली नाही आणि टवाळीही केली नाही, हे या हकिकतीतले सर्वांत लक्षात राहणारे आहे. सोबतच्या शिपायांना तिचा अभिमान वाटला. प्रकरण दरबारापर्यंत पोचले आणि भावाच्या सुटकेसाठी वरून खटपट सुरू झाली. ब्रॉटनसारख्या मराठ्यांवर एरवी नाराज असलेल्या माणसानेही इथे मात्र आदराने लिहिले आहे.

त्याच छावणीत दुसरी एक बाई घोड्यावर बसत होती, आणि तिला पागोट्याची गरज पडली नाही. दौलतरावांची पत्नी बायजाबाई, कागलकर घाटग्यांची लेक, पक्की घोडेस्वार होती. दौलतरावांच्या पश्चात १८२७ ते १८३३ या काळात तिने ग्वाल्हेरचा कारभारही पाहिला. पदच्युत होऊन ती फत्तेगडला राहत असताना १८३५ साली फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिच्या भेटीला गेली. इंग्रज स्त्रिया तेव्हा खोगिरावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसत. बायजाबाईच्या मंडळींना ती बसण्याची तऱ्हा पाहून हसू आवरेना. त्या स्वतः नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून पुरुषांसारख्या घोड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत. फॅनीनेही मग मराठी पेहराव करून तसे बसून पाहिले आणि तिला ते फार आवडले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. विलायतेत बाईला घोडा नीट फेकायचा तर तुमान चढवावी लागे. मराठी बाईला लुगड्यातच ते जमत होते. तेव्हा जोरावरसिंगने अंगरखा घातला तो घोड्यासाठी किंवा तलवारीसाठी नव्हे. बायजाबाईच्या मागे दौलत होती, माणसे होती, कागलचे घराणे होते. जोरावरसिंगमागे कुणीच नव्हते. तिला हवे होते ते हजेरीपटावर नाव आणि महिनाअखेरची तलब, आणि हजेरीपटावर बाईचे नाव चढत नव्हते.

याला अपवाद घडला तो वऱ्हाडचा नाममात्र धनी जो निजाम, त्याच्याच दरबारी. निजाम अलीने जनानखान्याच्या पहाऱ्यासाठी बायकांच्या पलटणी उभ्या केल्या होत्या. नाव जफर पलटण. अंगात इंग्रजी शिपायांसारखे लाल डगले, हाती बंदुका, कवायत फिरंगी पद्धतीची. मामा बरुण आणि मामा चंपा या दोघी त्यांच्या अधिकारी. लोकांच्या तोंडी या बायकांचे नाव गारदनी. निजाम स्वारीवर निघाला की पलटण सोबत निघे. ११ मार्च १७९५ रोजी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या रणावर मराठ्यांची आणि निजामाची गाठ पडली, तेव्हा या पलटणीही तिथे होत्या.

खर्ड्याची लढाई शाळेच्या पुस्तकात असते. चौथाईची थकबाकी, नाना फडणविसांची मुत्सद्देगिरी, परशुरामभाऊ पटवर्धन, शिंदे-होळकर-भोसले सगळे एका झेंड्याखाली आलेले शेवटचे मोठे रण. पळापळ होऊन निजामाने खर्ड्याच्या गढीत आसरा घेतला आणि तहाला मान तुकवली. त्या दिवशी समोरच्या बाजूला लाल डगल्यातल्या बायकाही उभ्या होत्या, हे मात्र त्या पुस्तकात येत नाही. हैदराबादचा पुढचा रेसिडेंट हेन्री रसेल याने लिहून ठेवले की बाकीच्या फौजेपेक्षा त्या काही वाईट लढल्या नाहीत. त्या दिवशी निजामाच्या फौजेची जी दाणादाण उडाली, ती पाहता हे शब्द मोजकेच आहेत. पण पुरुषांच्या बरोबरीला आणून ठेवणारे आहेत. नागपूरकर भोसल्यांचे लोक एका बाजूने, निजामाची फौज दुसऱ्या बाजूने. म्हणजे ज्या दोन धन्यांमध्ये मानोऱ्याचा सारा वाटला जात होता, तेच दोघे समोरासमोर होते.

जफर पलटणीतल्या बायकांना लपावे लागले नाही, कारण त्यांना खुद्द निजामाने कपडे चढवले होते. पण त्यांचे स्वातंत्र्य पहाऱ्यापुरतेच. जनानखान्याच्या दारात बाईच हवी, म्हणून बाईला बंदूक मिळाली. जोरावरसिंगला कुणी कपडे दिले नाहीत, तिने ते आपण होऊन घातले. दोघींच्या अंगावर शिपायाचा पेहराव सारखा दिसला तरी त्यामागचे जगणे वेगळे होते.

पुरुष होऊन लढलेल्या बायकांची जगातली एक नामांकित कथा मराठ्यांच्याच दुसऱ्या एका राज्यात येऊन पोचते. वूस्टरची हॅना स्नेल. नवरा टाकून गेला, तान्ही मुलगी वारली, तेव्हा ती नवऱ्याच्या शोधात पुरुषाचे कपडे घालून निघाली आणि जेम्स ग्रे या नावाने इंग्रजी आरमारी पलटणीत भरती झाली. तिचे जहाज १७४८ साली पाँडिचेरीच्या वेढ्यासाठी हिंदुस्थानात आले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी देवीकोट्टईचा किल्ला घेतला. तो तंजावरच्या भोसल्यांचा, प्रतापसिंह राजाचा. या मोहिमांत हॅनाच्या पायांत गोळ्या लागल्या, एक जांघेत. पायांवर डॉक्टरने उपचार केले. जांघेतल्या गोळीचा तिने उच्चारही केला नाही, कारण ती दाखवली असती तर सगळेच उघडे पडले असते. ती गोळी तिने एका देशी बाईच्या मदतीने स्वतःच काढली, असे तिच्या चरित्रात आहे. त्या देशी बाईचे नाव कुणी लिहिले नाही. दोन बायका, एकीची भाषा दुसरीला येत नसावी, आणि पलटणीतल्या कुणालाही कळू न देता जखमेतून शिसे काढायचे. हा प्रसंग एखाद्या मोठ्या कादंबरीचा ऐवज आहे. १७५० साली इंग्लंडला परतल्यावर हॅनाने खरे सांगितले. तिच्यावर पुस्तक निघाले, ती रंगमंचावर कवायत करून दाखवू लागली आणि चेल्सीच्या सैनिकी रुग्णालयातून तिला निवृत्तिवेतनही मिळाले.

या सगळ्या कहाण्या उघड झाल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. ज्या उघड झाल्याच नाहीत त्यांचे काय? अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींत चार्ली पार्कहर्स्ट नावाचा एक घोडागाडीवान होता. घोड्याच्या लाथेने एक डोळा गेलेला, तंबाखू चघळणारा, कॅलिफोर्नियाच्या डोंगरवाटांवर सहा घोडी हाकणारा. १८६८च्या मतदारयादीत त्याचे नाव आहे. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळण्याच्या बावन्न वर्षे आधी. १८७९ साली मृत्यू झाला, शेजारी प्रेत तयार करायला आले आणि तेव्हा कळले की चार्ली बाई होती. मरेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. आपल्याकडे पलटणीतला शिपाई रणात पडला तर त्याला घाईने अग्नी दिला जाई, पटकीने गेला तर त्याहून घाईने. किती पागोट्यांखाली कोण होते, हे त्या चितांबरोबर जळून गेले असणार.

१८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, तेही बायजाबाईच्याच निमित्ताने. ती मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता कोकणात पोचली होती. भटजी निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. परत आल्यावर पंचवीस वर्षांनी, १८८३च्या सुमारास, त्यांनी सगळे लिहून काढले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. झाशीच्या राणीला जवळून पाहिलेल्या मराठी माणसाचे हे लिखाण. राणीचा पुरुषी पोशाख त्यात तपशिलाने येतो. पायात पायजमा, अंगात अंगरखा, डोक्याला टोपी आणि त्यावर बांधलेले वस्त्र, कमरेला दुपेटा, त्यात तलवार. दुसऱ्या वेळी ती पांढरे पातळ नेसून बाईच्या वेषात असे. १८५४ साली जॉन लँग हा वकील पडद्याआडून तिला भेटला, तेव्हाही ती पांढऱ्या साध्या वस्त्रात होती.

पांढरे वस्त्र विधवेचे. लक्ष्मीबाई ब्राह्मण विधवा होती. पांढऱ्या पातळात ती दरबारात आली की समोरच्याला आधी तिचे पती गंगाधरराव यांचा मृत्यू दिसणार. अंगरखा-पायजम्यात तो दिसत नाही. दिसतो तो गादीवरचा धनी. लढाईला सोय म्हणून तिने पुरुषी वेष घेतला, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ती दरबारात बसतानाही तो घालत होती, लढाई दूर असतानासुद्धा. पोशाखातले राजकारण तिला पुरते कळत होते.

झाशी पडल्यावरची तिची भेट भटजी जन्मभर विसरले नाहीत. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी ते पाणी काढत होते. इतक्यात चार-पाच स्वार आले. एकाच्या अंगावर पठाणी पोशाख, सगळे अंग धुळीने माखलेले, चेहरा उन्हाने काळवंडलेला. तहान फार लागली होती. भटजींनी राणीला ओळखले आणि घाईने दोर विहिरीत सोडू लागले. तिने त्यांना थांबवले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून तिने दोर आपल्या हातात घेतला, मातीच्या भांड्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. अंगावर पठाणाचे कपडे, पण विटाळ-सोवळ्याचा, ब्राह्मणाच्या मानाचा शिरस्ता तिने त्या क्षणीही मोडला नाही. पुढे १८५८च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे स्वाराच्या वेषातच तिला मरण आले. ज्या इंग्रज घोडेस्वारांच्या तुकडीशी चकमक झाली, त्यांना आपण कुणाशी लढतोय हेही कळले नव्हते.

या सगळ्या हकिकती एकापुढे एक ठेवल्या की एक गोष्ट दिसते आणि ती टोचते. जोरावरसिंगने पागोटे बांधले भावासाठी. हॅना निघाली नवऱ्यासाठी. राणी लढली दत्तक मुलाच्या गादीसाठी. समाजाने तिघींना डोक्यावर घेतले, कारण तिघींच्या पागोट्याखाली शेवटी नात्याची बाईच होती. मला माझे जगणे माझ्या हाती हवे म्हणून मी पुरुष झाले, असे म्हणणारी एकही बाई या गौरवकथांत नाही. चार्लीने ते केले असावे, पण बोलून दाखवले नाही.

ते बोलून दाखवणारी बाई वऱ्हाडातच निघाली. दोअमली संपली, पुढे निजामाने १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. बंजाऱ्यांच्या बैलांचा धंदा रुळांनी खाल्ला आणि मानोरा, दिग्रस, पुसदच्या टापूत तांडे जमिनीला टेकले. या नव्या, कचेऱ्यांच्या वऱ्हाडात बुलढाण्याला बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. सत्यशोधक विचारांचे. त्यांची लेक ताराबाई. बापाने तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू केली. ताराबाईंनी उत्तर लिहिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून निघाली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

ताराबाईंनी टोपणनाव घेतले नाही. पुरुषाचे तर नाहीच. ज्या काळात युरोपात जॉर्ज सँड आणि जॉर्ज एलियट या कादंबरीकार बायका पुरुषी नावांनी लिहून गेल्या होत्या, त्याच काळात बुलढाण्याची ही मराठा बाई आपल्या नावाने, बापाच्या नावासकट लिहीत होती. जे दोष बाईला लावता ते सगळे पुरुषात आहेत की नाहीत, हा तिचा एकच प्रश्न आणि तो तिने पानापानावर लावून धरला. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायची, नवरा मेला की बाईने केस, कुंकू, चांगले वस्त्र सगळे टाकायचे, हा कोणता न्याय, असे तिने विचारले. त्याची किंमतही मोजली. टीका इतकी झाली, की जोतिबा फुल्यांना १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकात तिची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पुढे ‘स्त्रीपुरुषतुलना’ जवळजवळ विस्मरणात गेली आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा छापली तेव्हा मराठी वाचकाला कळले की बुलढाण्यात असे कुणी होऊन गेले. भावासाठी तलवार उचलणाऱ्या मुलीला छावणीने वाखाणले. स्वतःसाठी लेखणी उचलणाऱ्या बाईला मात्र शिव्या खाव्या लागल्या, आणि मग त्र्याण्णव वर्षांची शांतता.

याच वऱ्हाडात, ताराबाईंचे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, अमरावतीकडच्या लोणी टाकळीला गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. लहानपणी दृष्टी गेलेले, पण ग्रंथांचा अफाट अभ्यास असलेले हे सत्पुरुष स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. कुंकू लावत, मंगळसूत्र घालत, वेणी माळत. मधुराभक्तीची ती परंपरा, आणि तिच्यापुढे वऱ्हाडाने मनापासून हात जोडले. पुरुषाने मंगळसूत्र घातले तर त्याला भक्तीचा अर्थ लाभला आणि लोक पाया पडले. उलट दिशेने जाणाऱ्या बाईसाठी असा तयार अर्थ समाजाच्या गाठीला नव्हता. तिला दर वेळी भाऊ, नवरा नाही तर मुलगा पुढे करावा लागला.

रंगभूमीवर हे दार थोडे किलकिले झाले. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, लेकीला घेतले आणि पोटासाठी फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. कुलीन बाईने नाटकात जाणे म्हणजे वाळीत पडणे होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मायलेकी दोघी झळकल्या. लेक कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरी गेली. नवरा अकाली वारला, तीन मुले पदरात. कमलाबाईंनी रंगमंचावर उभे राहून ती वाढवली, आणि त्यांच्या भूमिकांमध्ये पुरुषांच्या भूमिकाही होत्या. बालगंधर्व शालू नेसून महाराष्ट्राला वेड लावत होते त्याच काळात ही बाई पुरुषाचे सोंग घेऊन घर चालवत होती. दोघांच्या सोंगांवर लिहिल्या गेलेल्या पानांची संख्या मात्र कधीच बरोबरीला आली नाही.

मानोऱ्याच्या शिवारात दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो. सीतादहीची पूजा होते, दहीभात पऱ्हाटीवर शिंपडला जातो आणि वेचणी सुरू होते. बायका लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा नाही तर पोराचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, कॉलरपर्यंत गुंड्या लावतात, डोक्याला दुपट्टा घट्ट बांधतात, कमरेला ओटी. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या हाताला ओरबाडतात, फवारणीचे औषध अंगाला लागते, म्हणून हा शर्ट. दुरून पाहिले तर रांगेत पुरुष वाकलेले दिसतात. शिवारातली बहुतेक वेचणी, निंदणी, खुरपणी याच हातांची. तांड्यावरच्या बायका आणि गावातल्या बायका, दोघींचाही वेष इथे सारखाच.

शर्टाने हात वाचतात. जमिनीच्या कागदाचे तसे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बायकांचे अधिवेशन भरवले आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा हयातीतच बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर व्हायचे. नवऱ्याच्या मृत्यूची वाट न पाहता, कुणाची विधवा म्हणून नव्हे, सातबाऱ्यावर बाईचे नाव चढू लागले. २२ जून १९९४पासून महाराष्ट्राच्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः वाटा दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. त्यांना २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. आजही माहेरी वाटणीचा कागद होतो तेव्हा बहिणींना तालुक्याला बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत आहे. भावाचे मन दुखवू नये म्हणून बहुतेकजणी सही करतात.